खिशातला चाकू : सरळ धार की दातेरी?

कला शाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिक अंकासाठी लिहायचे ते एखाद्या कवीवर, नाहीतर सहलीवर, असा आपल्याकडे प्रघात आहे. मीही प्रथम तसाच एक लेख लिहायला घेतला होता. परंतु गेल्या पावसाळ्यात घरच्या रोपवाटिकेत माझ्या हातून जे नुकसान झाले, त्याचे कारण शोधता शोधता मी भलत्याच विषयात शिरलो आणि तो विषय मला सोडवेना. विषय तसा लहान आहे. घडी घालून खिशात ठेवायचा चाकू घ्यायचा, तर त्याच्या पात्याची धार सरळ असावी की दातेरी? प्राध्यापकवर्गापैकी काहींना हा प्रश्न वाणसामानाच्या यादीत शोभेलसा वाटेल. त्यांनी पुढचे दोनतीन परिच्छेद वाचून मग ठरवावे, ही विनंती.

आमची रत्नागिरी जिल्ह्यात हापूसच्या कलमांची छोटी रोपवाटिका आहे. पावसाळा सुरू झाला की आंब्याच्या कोयी रुजायला घालायच्या; त्यांतून वर आलेली, तांबूस कोवळ्या पानांची दहापंधरा दिवसांची रोपे घ्यायची; कोयीपासून चार बोटांवर त्यांचा शेंडा छाटायचा आणि उरलेल्या खोडाला मधोमध उभी चीर द्यायची. मग तेवढ्याच जाडीची हापूसची काडी दोन्ही अंगांनी तासून तिला पाचरीचा आकार द्यायचा, ती त्या चिरेत बसवायची आणि वरून प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची. याला कोय कलम म्हणतात. ऐकायला सोपे वाटते. पण काडी आणि खोड यांच्या सालीच्या लगेच आत कॅम्बियम नावाचा जो कागदासारखा पातळ थर असतो, तो दोहोंचा एकमेकाला टेकला तरच कलम जगते. बाबा हे काम गेली तीस वर्षे एकाच घडीच्या चाकूने करीत आले आहेत. मूठ शिसवीची, पाते जेमतेम तीन इंचांचे, सरळ धारेचे आणि इतक्या वेळा परजलेले, की रुंदीला ते मूळच्या निम्मेच उरले आहे. हा चाकू त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असतो. तो कोणी मागत नाही आणि ते कोणाला देत नाहीत.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी मुंबईला एका दुकानात काम केले. त्या पैशांतून मी स्वतःसाठी एक चाकू घेतला. काळी मूठ, न गंजणारे पोलाद, उघडल्यावर पाते जागच्या जागी अडकवणारी खिट्टी, आणि पात्याचा मुठीकडचा अर्धा भाग दातेरी. दुकानदार म्हणाला, "ह्याला धार लावायचं काम नाही, वर्षानुवर्षं चालतो." मला ते पटले. खरे सांगायचे तर ते दात दिसायला झोकदार होते, हे त्याहून अधिक पटले.

जुलैत आजीला दवाखान्यात ठेवावे लागले आणि बाबा तिच्याजवळ राहिले. त्याच आठवड्यात एका बागायतदाराची कलमांची मागणी पुरी करायची होती. त्या पैशांतून माझी तृतीय वर्षाची फी भरायची असे ठरलेले होते. रोपे तयार, काड्या तयार. बाबांचा चाकू मात्र त्यांच्या खिशात. मी माझा चाकू काढला आणि तीन दिवस बसून जवळजवळ दोनशे कलमे बांधली. काडी तासताना आपण पाते मुठीजवळच्या भागाने काडीला लावतो आणि अंगाकडे ओढतो, कारण तेथे हाताचा जोर आणि ताबा दोन्ही असतो. माझ्या चाकूचे नेमके तेथेच दात होते. काडी तासली जात होती. पण तिच्यावर बारीक बारीक पन्हाळी उमटत होत्या. मी त्या अंगठ्याने चाचपून पाहिल्या आणि "पट्टी घट्ट बांधली की बसेल" असे स्वतःला सांगितले.

तीन आठवड्यांनी निम्म्याहून अधिक काड्या काळ्या पडल्या.

बाबा रागावले नाहीत. त्यांनी एका मेलेल्या कलमाची पट्टी सोडली, काडी चिरेतून ओढून काढली आणि खिडकीपाशी उजेडात धरली. कड्यांवर तेवढी काडी खोडाला टेकली होती. मधल्या पन्हाळींत पाणी शिरून ती कुजली होती. "अरे, ही करवत आहे," माझा चाकू हातात घेऊन ते म्हणाले, "करवतीनं कलम होतं का?" फी मामांकडून उसनी घेऊन भरली. तेव्हापासून चाकूची धार हा माझ्या अभ्यासाचा विषय झाला.

कापणे म्हणजे काय, येथून सुरुवात करू. पाते ही एक पाचरच आहे. तिची कड जितकी बारीक, तितके तेवढ्याच जोराने पडणारे दडपण जास्त, आणि ते दडपण पदार्थाच्या ताकदीपलीकडे गेले की पदार्थ दुभंगतो. परंतु नुसत्या दाबण्याने काम भागत नाही, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. पिकलेल्या टोमॅटोवर सुरी नुसती दाबली तर तो चेपतो. तीच सुरी किंचित पुढेमागे सरकवली तर साल चटकन उघडते. सरकत्या कडेमुळे पदार्थाचा पृष्ठभाग बाजूला ताणला जातो आणि खाली दाबायला लागणारा जोर एकदम कमी होतो. आपल्या विळीचे पाते वाकडे का, याचे उत्तर मला येथे मिळाले. विळीवर भाजी सरळ ढकलली तरी पात्याच्या बाकामुळे ती आपोआप कडेवरून घसरत जाते आणि सरकण्याचा फायदा फुकट मिळतो.

म्हणजे कापण्याच्या दोन तऱ्हा झाल्या, एक दाबून आणि एक ओढून. सरळ धार दोन्ही करू शकते. काडी तासणे, पेन्सिलीला टोक काढणे, फळाची साल सोलणे ही कामे दाबून होतात, आणि त्यांत पाते ज्या वाटेने जाईल तीच वाट पृष्ठभागावर उमटते. कड सरळ असेल तर काप आरशासारखा निघतो. दातेरी धार दाबण्याच्या कामी लंगडी पडते, कारण तिच्या टोकांच्या रेघा मागे राहतात. ओढण्याच्या कामात मात्र तिची गंमत आहे.

दातेरी पाते नीट निरखून पाहिले तर त्यात दोन गोष्टी दिसतात, दातांची टोके आणि टोकांमधल्या खाचा. ओढताना प्रथम टोके पदार्थाला भिडतात. सगळा जोर त्या थोड्याशा बिंदूंवर एकवटतो आणि टोके साल, सूत किंवा तंतू फोडून आत घुसतात. मग तंतू खाचेत अडकतात. खाचेची आतली कडही धारदारच असते, शिवाय ती तिरपी व बाकदार असते. त्यामुळे अडकलेला तंतू निसटू शकत नाही आणि तिरप्या कडेवर घसरत कापला जातो. खाचा वळणदार असल्यामुळे तेवढ्याच लांबीच्या पात्यावर धारेची एकूण लांबीही जास्त मिळते. ताटलीवर किंवा फळीवर पाते आपटले तर मार टोकांना बसतो, खाचांतली धार शाबूत राहते. दातेरी चाकू बोथट झाला तरी बरेच दिवस कापत राहतो, त्याचे कारण हे. दुकानदाराचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते, अर्धे होते.

ही युक्ती आजकालची मुळीच नव्हे. शेतीच्या आरंभकाळी पश्चिम आशियातल्या माणसांनी गारगोटीची लहान लहान पाती लाकडाच्या किंवा हाडाच्या दांड्यात ओळीने बसवून विळे केले होते. पुढे अशा पात्यांच्या कडांना मुद्दाम दातही पाडले गेले. ही पाती उत्खननांत सापडतात तेव्हा त्यांच्या कडेवर एक चकाकी दिसते. गवताच्या व धान्याच्या ताटांत वाळूतलेच द्रव्य, म्हणजे सिलिका असते. ताटे कापता कापता त्या सिलिकेने दगडालाही झिलई चढली. जी सिलिका दगडाला झिलई आणते, ती लोखंडाच्या धारेचे काय करीत असेल? भातकापणीला गेलेल्या कोणालाही विचारा. सरळ धारेचा विळा दिवसातून अनेकदा बांधावर बसून निसण्यावर घासावा लागतो. दातेरी विळ्याने मूठभर ताटे धरून नुसते अंगाकडे ओढले की काम होते, रोजच्या रोज परजावे लागत नाही. कृषी प्रदर्शनांत 'वैभव' नावाचा हलका दातेरी विळा मांडलेला असतो, तो याच जातीचा. आमच्या घरी आईजवळ असे दोन विळे आहेत आणि भाताच्या दिवसांत ती सरळ विळ्याला हात लावीत नाही. मात्र शेवग्याची फांदी किंवा करवंदाची जाळी तोडायची झाली की कोयतीच काढते. घाव घालायच्या कामात दातांचा काही उपयोग नाही, हे तिने कोणाच्या लेखात वाचलेले नाही.

स्वयंपाकघरात दातेरी सुरी आली ती पावासाठी. पावाचा वरचा पापुद्रा कडक आणि आतला भाग भुसभुशीत, म्हणजे सरळ सुरीची दोन्हीकडून पंचाईत. १८९३ साली शिकागो येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनात फ्रीडरिश डिक या जर्मन कारखान्याने दातेरी पावसुरी मांडली होती. घडीच्या चाकूवर मात्र दात फार उशिरा आले. स्वित्झर्लंडच्या सैन्याचा प्रसिद्ध चाकू पाहा. कार्ल एल्सनर यांनी १८८४ साली ईबाख येथे कारखाना काढला, १८९१ साली सैन्याला पहिले चाकू पुरवले, आणि १८९७ साली अधिकाऱ्यांसाठीच्या हलक्या चाकूची नोंदणी केली. त्यानंतर सैनिकी चाकूचे नमुने अनेकदा बदलले, पण मोठे पाते सरळ धारेचेच राहिले. खिशातल्या चाकूला दात देण्याची चाल अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातील स्पायडर्को या कंपनीने पाडली. सॅल ग्लेसर यांनी १९८१ साली पहिला घडीचा चाकू काढला आणि १९८२ साली 'मरिनर' हा पूर्ण दातेरी पात्याचा चाकू आणला. मरिनर म्हणजे खलाशी. दोरखंडाशी ज्याची रोज गाठ पडते, त्याच्यासाठी. त्या दातांची रचना एक मोठी खाच आणि दोन लहान खाचा अशी आहे, आणि पुढे अनेकांनी तिचे अनुकरण केले. २००८ साली स्विस सैन्यानेही जो नवा चाकू स्वीकारला त्याचे ८६ मिलिमीटरचे पाते अंशतः लाटांसारख्या दातांचे आहे. एका हाताने उघडता येते आणि उघडल्यावर अडकते.

या स्विस पात्याची आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती आमच्या घरात लागू पडते. दातेरी धार बहुधा पात्याच्या एकाच अंगाने घासलेली असते, सुताराच्या पटाशीसारखी. दुसरे अंग सपाट. अशी धार पदार्थात शिरली की ती सरळ खाली न जाता सपाट अंगाकडे ओढ घेते. उजव्या हाताच्या माणसाचा ताबा या ओढीला सरावतो, आणि स्विस सैनिकाचे पातेही उजव्या हाताच्या सोयीनेच घासलेले आहे. माझी धाकटी बहीण डावखुरी. तिने माझ्या चाकूने पाव कापायला घेतला तर कापणी पंख्यासारखी निघते, वर जाड नि खाली कागद. घरात कितीतरी वर्षे तिला 'हातात वळण नाही' असे ऐकवले जात होते. वळण पात्यात होते! बाबांचा कलमाचा चाकूही एकाच अंगाने घासलेला आहे. त्याने काप सपाट निघतो म्हणून. तो मात्र त्यांनी स्वतःच्या हाताला साजेल असा स्वतः घासून घेतला आहे. हे स्वातंत्र्य सरळ धारेत आहे. दाते मात्र कारखान्याने पाडले तसेच घ्यावे लागतात.

एवढे वाचून कोणी म्हणेल की लेखकाने निकाल आधीच देऊन टाकला. मलाही भाद्रपदापर्यंत तसेच वाटत होते.

एके रात्री गोठ्यात धडपड ऐकू आली. पाडी दावणीच्या खांबाभोवती फिरून फिरून दोरीत अडकली होती आणि पाय घसरून खाली बसली होती. दोरी गळ्याभोवती करकचून आवळली गेली होती. दोरी नायलॉनची, करंगळीएवढी जाड, पावसाने चिंब. गाठ ओळखू येत नव्हती. बाबांनी खिशातला चाकू काढून खांबाजवळ दोरीवर चालवला. त्या दिवशी त्याने शंभरावर काड्या तासल्या होत्या आणि तो अजून परजायचा होता. पाते ओल्या नायलॉनवरून घसरत होते. जोर करावा तर खांब हलून फास आणखी आवळत होता. पाडीचे डोळे बाहेर आले. बहिणीने माझ्या टेबलावरचा चाकू आणून माझ्या हातात दिला. मी दात दोरीवर टेकवले आणि ओढले, पुन्हा ओढले, आणि तिसऱ्या वेळी दोरी सुटली. पाडी बराच वेळ खोकत पडून राहिली, मग उठली.

बाबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी ती तुटलेली दोरी माझ्यापुढे टाकली आणि विचारले, "हे कसं झालं ते सांग. कॉलेजात जातोस ना?"

म्हणून मी त्याच दोरीचे तुकडे करून पाहिले. बाबांचा चाकू ताजा परजून, चामडी पट्ट्यावर फिरवून, अगदी केस उडेल असा केला आणि ओल्या दोरीवर चालवला. तो घसरला नाही असे नाही, पण जोर दिल्यावर कापत गेला. मग स्वयंपाकघरातली जुनी सुरी घेतली, ती मुद्दाम खरखरीत निसण्यावरच घासली, गुळगुळीत दगड लावलाच नाही. आश्चर्य असे की केस न कापणाऱ्या या सुरीने दोरी बाबांच्या चाकूपेक्षा लवकर तुटली. माझा दातेरी चाकू सर्वांत पुढे होताच. पण या सुरीत व त्यात अंतर फार नव्हते.

याचा उलगडा असा. कोणतीही सरळ धार भिंगाखाली पाहिली तर सरळ नसते. दगडाच्या कणांनी तिच्यावर ओरखडे पाडलेले असतात आणि ते ओरखडे कडेशी येऊन संपतात तेथे अतिसूक्ष्म दाते तयार होतात. दगड खरखरीत तर दाते मोठे, दगड मऊ तर दाते लहान; चामड्यावर फिरवले की जवळजवळ नाहीसेच. कलमाला हवी असते ती झिलईची धार, आणि तीच ओल्या नायलॉनला नको असते. तेव्हा सरळ आणि दातेरी या दोन जाती नसून एकाच गोष्टीच्या दोन टोकांकडच्या अवस्था आहेत. सरळ पाते घेणाऱ्याला निसणा बदलून या टोकाकडून थोडेफार त्या टोकाकडे जाता येते. दातेरी पाते घेणाऱ्याला तशी परतीची वाट नाही.

आता 'धार लावायचे काम नाही' या समजुतीकडे वळू. धार लावावी लागतेच, फक्त उशिरा. आणि जेव्हा लागते तेव्हा पंचाईत होते. सरळ पाते कोणताही सपाट दगड घेऊन परजता येते. पात्याचा कोन तोच राखायचा, दोन्ही अंगे सारखी घासायची, कडेला उलटा काठ आला की हलक्या हाताने तो काढायचा. दहाव्या वर्षी मी हे शिकलो. दातेरी पाते दगडावर तसेच घासले तर टोके झिजतात आणि खाचा तशाच बोथट राहतात. चार वेळा असे केले की दात जाऊन लाटा उरतात. त्याला खाचेत बसेल अशी निमुळती गोल सळई लागते, एकेक खाच वेगळी घासावी लागते, आणि तीही फक्त ज्या अंगाने घासलेली आहे त्याच अंगाने. आमच्या आठवड्याच्या बाजारात चाकावर धार लावून देणारा एक गृहस्थ बसतो. त्याच्यापुढे माझा चाकू धरला तर त्याने हात जोडले. "सरळ करून देऊ का?" असेही विचारले. मला वाटते, त्याचा हा प्रश्न थट्टेचा नव्हता.

अर्धे सरळ नि अर्धे दातेरी, असे जे पाते मी घेतले होते, त्याविषयी माझे मत कडवट आहे आणि ते कडवट का आहे हे वाचकांना ठाऊक आहे. पण कडवटपणा बाजूला ठेवूनही पाहू. तीन इंचांच्या पात्याचे दोन भाग केले की दोन्ही कामांना दीडदीड इंच येतो. दोरी ओढून कापायला लांबी लागते, ती मिळत नाही. आणि दात बहुधा मुठीजवळ असतात, म्हणजे तासण्याच्या कामाला जेथे सर्वांत जास्त ताबा असतो नेमकी ती जागा दातांना दिलेली. ज्यांना लाकूड तासावे लागते, कलमे करावी लागतात, फळे सोलावी लागतात, त्यांनी हे पाते घेऊ नये. ज्यांचे काम खोकी, सुतळी, प्लॅस्टिकच्या पट्ट्या एवढेच आणि दुसरा चाकू बाळगायचा नाही, त्यांना ते चालेल. दात टोकाकडच्या भागाला दिले तर मुठीजवळची धार मोकळी राहते. तशीही पाती निघतात आणि मला ती अधिक समजूतदार वाटतात.

पूर्ण दातेरी पात्याची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. होडीवर, गोठ्यात, मोटारीत, म्हणजे जेथे दोरी किंवा पट्टा एका क्षणात तुटला पाहिजे, हात ओले आहेत, अंधार आहे, आणि चाकू गेले सहा महिने कोणी परजलेला नाही, तेथे दातेरीला तोड नाही. अपघातात गाडीतला सुरक्षापट्टा कापण्यासाठी असे पाते जवळ ठेवतात ते उगीच नव्हे. अशा जागी काप स्वच्छ आला की नाही हे कोणी पाहत नाही.

एक सावधगिरीची सूचना घडीच्या चाकूपुरती. दातेरी पात्याने काम करताना हात नकळत करवतीसारखा पुढेमागे चालतो. पाते मागे ओढताना भीती नसते. पुढे ढकलताना दात अडकला आणि चाकूला खिट्टी नसली, तर पाते मिटून बोटांवर येते. आपल्याकडच्या साध्या स्प्रिंगच्या चाकूंना अशी खिट्टी नसते. फ्रान्समधल्या सव्वॉ प्रांतातील जोसेफ ओपिनेल यांनी १८९० च्या सुमारास जो लाकडी मुठीचा स्वस्त चाकू केला, त्यालाही पुष्कळ वर्षे नव्हती. १९५५ साली मुठीच्या तोंडाशी फिरणारे कडे बसवले तेव्हा तो सुरक्षित झाला. खिट्टी नसलेला चाकू घ्यायचा तर सरळ धारेचाच घ्यावा, आणि दातेरी घ्यायचा तर खिट्टी पाहूनच घ्यावा. माझ्या तर्जनीवर या वाक्याचा पुरावा आहे.

आणि हो, हा लेख वाचून कोणी वर्गात चाकू घेऊन येऊ नये. शस्त्रांच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे आणि घरगुती व शेतीच्या उपयोगाची हत्यारे त्यांतून वगळली आहेत. परंतु महाविद्यालयाच्या फाटकावरचे शिपाईमामा इंचपट्टी घेऊन बसत नाहीत. विमानात हातातल्या सामानात तर कोणतेच पाते नेता येत नाही, मग ते सरळ असो वा दातेरी.

या पावसाळ्यापूर्वी मी एक नवा चाकू घेतला. सरळ धार, तीन इंच पाते, लाकडी मूठ. माझ्या पहिल्या चाकूच्या निम्म्याहूनही कमी किमतीचा. बाबांनी तो घासून एका अंगाने सपाट करून दिला आणि कोनही दाखवला. मामांचे पैसे फेडायचे आहेत, तेव्हा जुलैत पुन्हा दोनशे कोयी माझ्या वाट्याला येणार आहेत. जुना चाकू गोठ्याच्या खांबाला, पाडीचे तोंड पोचणार नाही इतक्या उंचीवर, सुतळीने टांगला आहे. ती सुतळी मात्र बाबांनी अशी बांधली आहे की नुसती ओढली की सुटते. ती कापायला दुसरा चाकू शोधावा लागू नये म्हणून.